गुळव्या आला नाही तर काहील थंडच : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मटणाला कच्ची पपई का लावतात त्यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं की बऱ्याच एन्झाइमांना, म्हणजे सजीवांतली रासायनिक कामं झटपट उरकणाऱ्या प्रोटीनांना, एकट्यानं काम जमत नाही, जोडीला कुणीतरी लागतं. झालं! पपई राहिली बाजूला आणि सगळ्यांनी त्या जोडीदाराचीच चौकशी सुरू केली. या वेळी त्यातलेच काही प्रश्न घेतलेत, ज्यांचे राहिले त्यांनी राग मानू नका, पानं तेवढीच मिळतात.

प्रश्न : सर, मी बारावीला आहे. कोफॅक्टर, कोएन्झाइम, प्रोस्थेटिक ग्रुप, अपोएन्झाइम, होलोएन्झाइम… आज पाठ करते आणि उद्या सगळं उलटंपालटं होतं. मुळात एन्झाइम एवढं भारी असतं तर त्याला मदतनीस कशाला पाहिजे? (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : पाठ करू नकोस बाळ, हंगाम सुरू झाला की एकदा गुऱ्हाळावर जाऊन ये. घाणा फिरत असतो, काहिलीत रस उकळत असतो, एकजण मळी काढतोय, एकजण चुलवाणात चिपाडं सारून घामाघूम झालाय, आणि सगळ्यांची नजर एकाच माणसाकडे, गुळव्याकडे. तो पाक पाण्यात टाकणार, बोटांनी चोळून बघणार आणि म्हणणार, "उतरा." मग काहील उतरायची. लहानपणी मामाच्या गुऱ्हाळावर एकदा गुळव्या आलाच नाही, पाव्हण्यांच्या लग्नाला गेला होता, तर दहा माणसं, उसाची ही एवढी रास आणि भली मोठी काहील, सगळं दिवसभर नुसतं बसून. माणसं तीच, ऊस तोच, गूळ मात्र शून्य.

एन्झाइमचं तसंच. पुस्तकात त्याला विकर म्हणतात, पण विकर म्हणणारा माणूस मला अजून भेटला नाही, म्हणून एन्झाइमच म्हणू. ते प्रोटीन असतं आणि प्रोटीन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ, घड्या घालून गुंडाळलेली. या २० जणांना खूप काही येतं, पण काही कामांत ते कच्चे आहेत. इलेक्ट्रॉन इकडून उचलून तिकडे नेणं, एखादा कार्बनचा तुकडा तोडून थोडा वेळ हातात धरून ठेवणं, असल्या कामांना त्यांच्याकडे हत्यारच नाही. मग ते बाहेरून आणावं लागतं. तुझ्या रक्तातल्या लाल पेशींत कार्बोनिक अनहायड्रेज म्हणून एक एन्झाइम आहे, त्याच्या पोटात झिंकचा एकच अणू, हिस्टिडिन नावाच्या तीन अमिनो आम्लांनी तीन बाजूंनी धरलेला. तो झिंक पाण्याच्या रेणूला असा काही ओढतो की त्यातला एक हायड्रोजन सुटून जातो आणि उरलेला तुकडा कार्बन डायऑक्साइडवर तुटून पडतो. एक एन्झाइम सेकंदाला १० लाखांच्या घरात रेणू उरकतं. तो एक अणू काढून घे, एवढं मोठं प्रोटीन जवळपास तसंच्या तसं राहील आणि काम मात्र ठप्प.

आता नावं. कोफॅक्टर हे सगळ्या मदतनिसांचं आडनाव समज. त्यात काही धातू, म्हणजे झिंक, मॅग्नेशियम, लोह, तांबं, मँगनीज. काही कार्बनवाले रेणू, त्यांना कोएन्झाइम म्हणायचं, आणि यातले बरेचसे आपण बी गटातल्या व्हिटॅमिनांपासून बनवतो. जो घरजावयासारखा एन्झाइमला कायमचा चिकटून बसतो तो प्रोस्थेटिक ग्रुप, उदाहरणार्थ कॅटलेज या एन्झाइममधला हीम, लोह असलेला रेणू. एनएडी नावाच्या कोएन्झाइमसारखा जो येतो, काम करतो, दुसऱ्या एन्झाइमकडे जातो तो फिरता गडी. मदतनीस नसलेलं नुसतं प्रोटीन म्हणजे अपो, दोघं मिळून होलो. बास, एवढंच आहे.

हे कळलं कसं ते ऐक, परीक्षेत विचारत नाहीत पण मला फार आवडतं. १८९७ साली बुखनर नावाच्या जर्मन माणसानं दाखवलं की यीस्ट वाटून त्याचा नुसता रस काढला तरी साखर आंबते, जिवंत पेशी लागत नाही. मग इंग्लंडात हार्डन आणि यंग यांनी १९०६ च्या सुमारास तो रस अतिशय बारीक गाळणीतून जोर लावून गाळला. वर राहिला प्रोटीनचा गाळ, खाली उतरलं पाणी. गाळ साखरेत घातला, काही नाही. पाणी घातलं, काही नाही. दोन्ही एकत्र केले आणि बुडबुडे सुरू! पुढची गंमत अशी की यीस्टचा रस उकळला तर त्यातलं एन्झाइम मरतं, पण तो उकळलेला मेलेला रस त्या गाळात घातला तरी काम चालू होतं. म्हणजे त्या पाण्यात असं काहीतरी होतं जे लहान आहे, गाळणीतून जातं आणि उकळून मरत नाही. त्याला त्यांनी कोफर्मेंट म्हटलं. त्यात नक्की कोण कोण आहे हे सुटं करायला लोकांची पुढची दोन-तीन दशकं गेली आणि त्यातला मुख्य गडी एनएडी निघाला. हार्डन आणि स्वीडनमध्ये याच कोफर्मेंटवर काम करणारे ऑयलर-केल्पिन यांना याबद्दल १९२९ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी वैद्यकशास्त्राचं नोबेल आइकमनला, ज्यानं जावा बेटावर बघितलं होतं की पॉलिश केलेला पांढरा भात खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की बऱ्या होतात. दोन वेगळी बक्षिसं, पण मूळ गोष्ट एकच की! कोंड्यातलं ते व्हिटॅमिन बी१, आणि शरीरात ते कोएन्झाइमच होतं. हे जुळायला मात्र आणखी काही वर्षं गेली.

प्रश्न : मास्तर, आमच्या खोडव्यावर केवडा पडलाय, कोवळी पानं पिवळी-पांढरी. दुकानदार म्हणतोय लोह कमी पडलंय, हिराकस मारा. पण आमचं पोरगं कॉलेजात शिकतंय, ते म्हणतंय पानाच्या हिरव्या रंगात लोह नसतंच, मॅग्नेशियम असतं. मग हिराकसानं पान हिरवं कसं होतं? का दुकानदार टोप्या घालतोय? (ऊस उत्पादक, शिरोळ)

उत्तर : दादा, दोघंही खरं बोलतायत आणि प्रश्न असा फक्कड विचारलाय की मी हा कागद आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला. क्लोरोफिलच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमच असतं, पोराला शाबासकी द्या. पण तो रेणू काही आभाळातून पडत नाही, तो टप्प्याटप्प्यानं तयार होतो, आणि त्या साखळीतल्या एका एन्झाइमला लोहाशिवाय हात हलवता येत नाही. लोह नसलं की साखळी तिथंच अडते, पुढं हिरवा रंग तयार होत नाही. म्हणजे लोह रंगात नसतं, रंगाऱ्याच्या हातात असतं.

आता तुमच्याकडची खरी मेख सांगतो. जमिनीत लोह कमी असतं असं नाही, बऱ्याचदा भरपूर असतं. पण चुनखडीची, सामू जास्त असलेली जमीन असली की ते लोह गंजासारख्या रूपात बसतं आणि मुळीला उचलता येत नाही, तिजोरीत पैसा आणि किल्ली विहिरीत. त्यात पाणी जास्त देऊन रान दलदलीसारखं झालं की मुळं गुदमरतात आणि केवडा आणखी वाढतो. ओळखायचं कसं? लोह जुन्या पानातून नव्या पानात जात नाही, जिथं गेलं तिथंच चिकटून राहतं, म्हणून पिवळी पडतात ती कोवळी पानं, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा, लांबून पट्टे ओढल्यासारखं दिसतं. उलट खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असली तर भानगड दुसरी आहे, नत्र किंवा मॅग्नेशियम बघा, तिथं हिराकसावर पैसे घालवू नका.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ताजं असतं तेव्हा फिकट हिरवं, पाण्यात कालवून तासन्‌तास ठेवलं की तांबूस होतं, तिथं ते परत गंजाच्या वाटेला लागलं म्हणून समजा. म्हणून द्रावण लगेच मारायचं, आणि जाणते शेतकरी त्यात थोडं लिंबूसत्त्व टाकतात ते याचसाठी, लिंबूसत्त्व लोहाला धरून ठेवतं, गंजू देत नाही. दुकानात चिलेटेड म्हणून महागाची पुडी मिळते ती याच कल्पनेची शहरी आवृत्ती. प्रमाण किती ते माती तपासून कृषी सहायकांना विचारा, मी रसायनशास्त्राचा मास्तर, माझ्या शब्दावर फवारणी करू नका.

जाता जाता, तुम्ही रानात युरिया टाकता तो मुळीला बराचसा मिळतो तो जिवाणूंच्या युरिएज या एन्झाइमनं फोडल्यावर. हे एन्झाइम समनर नावाच्या माणसानं १९२६ साली आपल्या अबईच्या जातीतल्या एका घेवड्यातून स्फटिक रूपात काढलं, पहिल्यांदाच कुणी एन्झाइमचे स्फटिक हातात घेतले, नोबेल मिळालं. आणि त्याच्या पोटात निकेल आहे हे कळायला १९७५ उजाडलं. जवळजवळ ५० वर्षं सगळे त्याच्याकडे बघत होते आणि निकेल कुणाला दिसलंच नाही.

प्रश्न : सर मी तालमीत जातो. वस्ताद म्हणतात धारोष्ण दूध, बदाम, थंडाई, तूप, बास. पण जिममधला मित्र बी कॉम्प्लेक्स आणि झिंकच्या गोळ्या घेतो, म्हणतो यानं एन्झाइम जोरात चालतात. मी दोन-दोन घेऊ का? एक गोळी घेतली तर लघवी पिवळीधमक झाली, घाबरलोय. (नवा पैलवान, गंगावेश)

उत्तर : भावा, घाबरू नकोस, ते बी२ आहे, रिबोफ्लेविन. अंगाला लागलं तेवढं घेतलं आणि उरलेलं बाहेर काढलं, म्हणजे तू दुकानातून विकत आणलेला रंग गटारीत सोडतोयस. घरी दूध नासलं तर त्याचं पाणी नीट बघ, हिरवट-पिवळी झाक असते, तो हाच रंग. १९३० च्या दशकात बर्लिनमध्ये वारबुर्गच्या प्रयोगशाळेत यीस्टमधून एक पिवळं एन्झाइम निघालं होतं, तिथं थिओरेल नावाच्या स्वीडिश पाहुण्यानं त्याचा पिवळा रंग वेगळा केला आणि पांढरं प्रोटीन वेगळं. दोन्ही सुटे असताना निकामी, परत मिसळले की पिवळं एन्झाइम पुन्हा कामाला. तो रंग म्हणजे तुझ्या बी२ चंच एक रूप.

आता दोन गोळ्यांचं. वर त्या पोरीला गुळव्याचं सांगितलंय ते वाच. एका काहिलीवर दोन गुळवे बसवले तर दुप्पट गूळ निघतो का? भांडणं तेवढी होतात. एन्झाइमच्या पोटात कोफॅक्टरची जागा ठरलेली, ती भरली की संपलं, बाकीचे बाहेर नुसते फिरतायत. शिवाय हे गडी खर्चून संपत नाहीत, एनएडी इलेक्ट्रॉन घेतो, दुसरीकडे देऊन येतो, परत रिकामा, दिवसभर हेलपाटे. एटीपी घे, जोर मारताना स्नायू जे जाळतो ते. कुठल्याही क्षणी अंगात ते थोडंसंच असतं, पण दिवसभरात तेच इतक्या वेळा मोडतं आणि पुन्हा बनतं की बेरीज साधारण आपल्या स्वतःच्या वजनाएवढी होते. आणि प्रत्येक वेळी त्याला मॅग्नेशियमचा हात धरावा लागतो. एवढा कारभार चिमूटभर मालावर चालतो, म्हणूनच व्हिटॅमिन मिलिग्रॅममध्ये लागतं आणि दूध शेरात.

आणि जास्तीचं नेहमी निरुपद्रवी असतं असंही नाही. बी६ चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर हातापायाच्या नसांना इजा होते, बधिरपणा येतो, आणि झिंक बेसुमार घेतलं तर आतड्यात तांब्याची वाट अडते, तांबं कमी पडून रक्त आणि नसा दोन्ही बिघडू शकतात. कमतरता असली तर डॉक्टर देतील. वस्तादांचं ऐक. कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन पितोस ते चांगलंच, पण कच्चं दूध उकळून प्यावं असं माझं मत आहे, गंगावेशीत मला शिव्या पडतील हे माहीत असूनही लिहितो. उकळल्यानं बी२ फारसं जात नाही, पारदर्शक बाटलीत उन्हात ठेवल्यानं मात्र जातं.

प्रश्न : रसवंतीवर उसाबरोबर लिंबू-आलं घालतात ते फक्त चवीसाठी का? घरी पार्सल आणलेला रस काळपट होतो. (गृहिणी, शाहूपुरी)

उत्तर : चवीसाठीच घालतात ताई, पण काम दुसरंही होतं. उसात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज असतं, चिरलेलं वांगं, सफरचंद, बटाटा काळा पाडणारं तेच. त्याच्या पोटात तांबं. लिंबानं आंबटपणा वाढला की ते मंदावतं आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल त्या तांब्यालाही थोडं पकडतं. म्हणून लिंबू मशीनमध्ये उसाबरोबरच पिळून घ्या, घरी येऊन नंतर घातलं तर काळं झालेलं पांढरं होत नाही.

प्रश्न : रक्त तपासायला देताना एकाच सुईतून तीन-चार रंगांच्या झाकणांच्या नळ्या भरतात. एवढं रक्त कशाला, एकीतूनच का नाही करत? (निवृत्त कारकून, इचलकरंजी)

उत्तर : काका, याचं उत्तर मी स्वतःच्या अंगावर घेतलंय. दोन वर्षांपूर्वी नेहमीची तपासणी केली, संध्याकाळी डॉक्टरांचा फोन, "सर, तुम्ही बसलाय का आडवे पडलाय?" म्हटलं चहा पितोय, का? म्हणाले, पोटॅशियम ९ च्या वर आलंय आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, या आकड्यांवर माणूस चहा पीत नसतो. घरात रडारड व्हायची वेळ. मी रिपोर्ट मागवून घेतला, तिसरा आकडा बघितला, अल्कलाइन फॉस्फटेज, तोही तळाला गेलेला. मग मला हसू आलं.

जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, बहुतेक वेळा त्याचा पोटॅशियमवाला क्षार. हे रसायन धातूंना खेकड्यासारखं पकडतं. रक्त गोठवणाऱ्या एन्झाइमांच्या साखळीला कॅल्शियम लागतं, ईडीटीएनं ते धरलं की रक्त गोठत नाही, पेशी मोजायला पातळ राहतं. हिमोग्राम आणि एचबीए१सी साठी हे उत्तम. पण तेच रक्त दुसऱ्या तपासणीच्या नळीत गेलं की कॅल्शियम गायब दिसणार, क्षारातलं पोटॅशियम भरमसाठ दिसणार, आणि अल्कलाइन फॉस्फटेजला झिंक-मॅग्नेशियम लागतं ते ईडीटीएनं पळवलेलं, म्हणून ते एन्झाइम नळीत असूनसुद्धा मेल्यासारखं. तीन आकडे एकाच वेळी असे वागले की समजायचं, कुणीतरी जांभळ्या नळीतलं रक्त दुसरीत ओतलंय. दुसऱ्या दिवशी परत रक्त दिलं, सगळं व्यवस्थित. नळी भरणारं पोरगं नवीन होतं, रक्त कमी पडलं म्हणून त्यानं इकडचं तिकडे केलं होतं. लॅबचं नाव लिहीत नाही, पोराची नोकरी जायची.

प्रश्न : आईचं वय ६८, पक्की शाकाहारी, १० वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू. पायाला मुंग्या येतात. डॉक्टरांनी शुगर ठीक आहे म्हणून बी१२ ची इंजेक्शनं लिहिलीत. शेजारच्या काकू म्हणतात फॉलिक ॲसिड घ्या, स्वस्त पडतं. दोन्ही रक्तासाठीच ना? (गडहिंग्लज)

उत्तर : काकूंना नमस्कार सांगा आणि डॉक्टरांचंच ऐका. बी१२ च्या रेणूत मधोमध कोबाल्टचा अणू असतो, आणि माणसाच्या शरीरात ते फक्त दोन एन्झाइमांना लागतं. फक्त दोन! पण ती दोन अडली की रक्त आणि नसा दोन्हींची वाट लागते. त्यातल्या एकाच्या कामात फॉलिक ॲसिडचा भाऊ फोलेट अडकून पडतो, म्हणून फॉलिक ॲसिडचा मोठा डोस दिला की रक्त सुधारल्यासारखं दिसतं, हिमोग्लोबिन वर येतं, घरचे खूश. नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं. म्हणून बी१२ तपासल्याशिवाय नुसतं फॉलिक ॲसिड चालू ठेवणं धोक्याचं.

बी१२ जिवाणूंशिवाय कुणीच बनवत नाही, झाडंही नाहीत. शाकाहाऱ्यांना ते दूध-दह्यातून थोडंफार मिळतं. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ शोषण्यात अडथळा येऊ शकतो, वयानं पोटातलं आम्लही कमी होतं. लिव्हरमध्ये साठा काही वर्षं पुरेल इतका असतो म्हणून कमतरता गुपचूप वाढते, आज दूध बंद केलं म्हणून उद्या मुंग्या येत नाहीत. गोळी मात्र मनानं बंद करू नका, शुगर चढेल.

फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईची आहे हे काकूंना मुद्दाम सांगा. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईत आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा त्याचा शोध घ्यायला. यकृताच्या अर्कानं फरक पडायचा पण तो महाग. त्यांनी मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त काळा अर्क, देऊन बघितला आणि बायका बऱ्या व्हायला लागल्या, हे १९३१ साली त्यांनी छापलं. त्यात कुठला पदार्थ आहे ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं १९४१ साली पालकाच्या पानांतून तो सापडला, आणि अमेरिकेत फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या टीमचे प्रमुख आपले आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. वर पैलवानाला सांगितलेलं एटीपी, ते १९२९ साली सापडलं त्यातही हेच सुब्बाराव, फिस्क यांच्याबरोबर. एवढं करून या माणसाला नोबेल नाही, आणि आपल्याकडे शंभरात पाच जणांना नाव माहीत असेल तर शपथ.

प्रश्न : मागच्या वेळी पपईचं लिहिलंत. मग मटणाला पपईबरोबर मीठ-हळद लावतो ते तिचं कोफॅक्टर का? (खानावळवाले, कसबा बावडा)

उत्तर : नाही. पपईतलं पपेन हे एन्झाइम स्वावलंबी एन्झाइमांपैकी, त्याला ना धातू लागतो ना व्हिटॅमिन, स्वतःच्याच माळेतल्या सिस्टिन या अमिनो आम्लाच्या गंधकानं ते मांस फोडतं. आपल्या पोटातलं पेप्सिनही तसंच एकटं राबणारं. मीठ-हळद चवीला आणि वासाला लावा, पपेनला त्याचं देणंघेणं नाही. पपई मात्र कच्चीच घ्या, चीक असलेली, पिकलेलीत जोर राहत नाही. आणि अर्धा-पाऊण तासाच्या वर ठेवू नका. रात्रभर ठेवलंत तर सकाळी तांबड्या रश्श्यात गिऱ्हाईक मटण शोधत बसेल आणि पैसे देताना तुम्हाला शोधत येईल.